पंधरा व्होल्ट गेले कुठे? सुतारकामाच्या शेडमधल्या वायरिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुख्य इमारतीच्या मागे सुतारकामाची एक शेड. तिथे मोठं यंत्र एकच, लाकूड कापायची टेबल सॉ. तिला सिंगल फेज मोटर. पाटीवर लिहिलेलं: १.५ किलोवॅट, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ९.६ अँपिअर. याशिवाय चार एलईडी ट्यूब आणि दोन सॉकेट. सप्लाय इमारतीतल्या डीबीतून (वीज वाटून देणाऱ्या बोर्डातून), २० अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीवरून (करंट फार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवरून), अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन कोअर केबलने आलेला.

दोन वर्षं यंत्र छान चाललं. मग हळूहळू कुरबुरी सुरू झाल्या. चालू करताना मोटर घुमायची, एकदोन सेकंद अडायची आणि मग वेग घ्यायची. जाड फळी सरकवली की आवाज खाली यायचा. पुढे पुढे ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारं उपकरण, दिवसातून तीनचार वेळा पडू लागला. मला बोलावलं तोवर मोटर एकदा रिवाइंड करून झाली होती, कपॅसिटर दोनदा बदलला होता आणि रिलेची सेटिंग १० वरून १२ अँपिअरवर नेलेली होती.

जागा आणि माणसं ओळखू येणार नाहीत एवढी काळजी घेऊन हे लिहितो आहे.

अडचण नेमकी काय होती

तिथला वायरमन अनुभवी आणि हाताने स्वच्छ काम करणारा. त्याने सप्लाय तपासला नव्हता असं मुळीच नाही. टेस्टर लावला, दिवा लागला. मल्टिमीटर लावला, सॉकेटवर २३१ व्होल्ट. त्यावरून त्याने ठरवलं की सप्लाय ठणठणीत आहे, दोष मोटरमध्येच.

दोन्ही तपासण्या खऱ्या होत्या, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. टेस्टर फेज आहे की नाही एवढंच सांगतो. न्यूट्रल अर्धवट तुटलेला असला तरी तो तितकाच लखलखीत पेटतो. मल्टिमीटरचं दुखणं वेगळं. त्याचा आतला रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे २३१ व्होल्टला तो जेमतेम २३ मायक्रोअँपिअर ओढतो. एवढ्याशा करंटला वाटेत एक ओहमचा रोध असला काय किंवा दहा ओहमचा असला काय, मीटरला पत्ता लागत नाही. बंद मोटरच्या सॉकेटवर मोजलेलं व्होल्टेज म्हणजे रिकाम्या रस्त्यावर मोजलेली रहदारी.

वायरमनने ड्रॉपचं, म्हणजे तारेच्या रोधामुळे वाटेत घटणाऱ्या व्होल्टेजचं, गणितही केलं होतं. एका पावतीच्या पाठीवर पेनने: ४० मीटर, ७.४१ ओहम प्रति किलोमीटर, ९.६ अँपिअर, ड्रॉप २.८ व्होल्ट. खाली दोन रेघा मारलेल्या. हा कागद त्याने मला दाखवला म्हणून बरं झालं, कारण पुढचं सगळं काम त्या कागदापासून सुरू झालं.

समोर असलेले पर्याय

मी पोचलो तेव्हा चार सूचना हवेत होत्या.

पहिली, मोटरच बदलायची. मालक त्याच तयारीत होते. मी मोटरचं कनेक्शन सोडलं, कपॅसिटर डिस्चार्ज केला आणि वाइंडिंग ते बॉडी हा इन्सुलेशनचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने तपासला. ८० मेगाओहम आले. एक मेगाओहमच्या खाली गेलं असतं तर काळजी केली असती. यंत्राचा शाफ्टही हाताने सहज फिरत होता. तेव्हा मोटरवरचा संशय मी बाजूला ठेवला.

दुसरी, रिले आणखी वर सरकवायचा. यावर चर्चेलाही बसलो नाही, उलट सेटिंग परत १० वर आणली. व्होल्टेज कमी पडलं की तोच भार ओढायला मोटर जास्त करंट घेते. रिले तेच सांगत होता आणि त्यालाच गप्प बसवणं चाललं होतं.

तिसरी सूचना वायरमनची आणि वरवर पाहता सगळ्यात समंजस. मोटरसाठी सहा चौरस मिलिमीटरची नवीन केबल वेगळी ओढायची आणि जुनी अडीचची ट्यूब आणि सॉकेटसाठी तशीच ठेवायची. काम मोठं, पण खात्रीचं.

चौथी माझी: आधी दोन तास मोजमाप, मग निर्णय. मालकांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली. "मोजून तर झालंय ना सगळं?" ते म्हणाले. चूक त्यांची नव्हती, आकडे खरंच घेतलेले होते. पण प्रत्येक आकडा एकटा उभा होता. तो किती यायला हवा होता हे आधी कोणीच लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून बरोबर की चूक ठरवायचं कशाशी ताडून, हा प्रश्नच होता.

आधी कागदावर

पावतीवरच्या गणितात दोन चुका होत्या. दुसरी तर शिकलेले लोकही करतात.

लांबी ४० मीटर ही नकाशावर डीबीपासून शेडपर्यंत सरळ रेघ मारून काढलेली. केबल सरळ रेघेत जात नाही. ती डीबीतून वर चढते, छताच्या कडेने जाते, दोन कोपरे वळते आणि शेडमध्ये खाली उतरते. शिकाऊ मुलाला बरोबर घेऊन टेपने अख्खी वाट मोजली. ५८ मीटर.

दुसरी चूक, परतीचा रस्ता विसरणं. करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, तेव्हा तारेची लांबी केबलच्या दुप्पट धरायची. अडीचच्या तांब्याचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे जास्तीत जास्त ७.४१ ओहम. म्हणून:

२ × ५८ × ७.४१ ÷ १००० = ०.८६ ओहम.

मोटरच्या ९.६ अँपिअरला ड्रॉप ८.३ व्होल्ट. पावतीवरच्या २.८ च्या जवळजवळ तिप्पट. तरीही २३० च्या ३.६ टक्केच. अशा लोडसाठी साधारण ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ११.५ व्होल्टपर्यंत ड्रॉप चालवून घेतात. थोडक्यात, चुका दुरुस्त केल्यावरही केबल कागदावर पास होत होती. वायरमनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आता हा ०.८६ वहीत वर लिहून ठेव. यापुढे जे मोजू ते याच्याशेजारी लिहायचं.

लोड देऊन मोजणं

मोटर लोड म्हणून वापरली नाही. तिचा करंट फळीगणिक बदलतो आणि त्यात पॉवर फॅक्टरची, म्हणजे करंट आणि व्होल्टेज एका तालात नसण्याची, भानगड. त्याऐवजी १५०० वॅटचे दोन हीटर शेडमध्ये दोन वेगळ्या सॉकेटवर लावले. हीटर निव्वळ रोध असल्याने ड्रॉपचं गणित साध्या गुणाकाराने सुटतं.

एक मीटर डीबीत, दुसरा शेडमध्ये. पण आधी दोन्ही मीटर एकाच सॉकेटला एकाच वेळी लावून पाहिले. एकात २३१.०, दुसऱ्यात २३१.६. साध्या मल्टिमीटरची अचूकता एक टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे २३० ला दोन व्होल्ट इकडे तिकडे. आपण शोधत होतो तो फरकच पाचदहा व्होल्टचा. दोन घड्याळं आधी जुळवून न घेता धावण्याची वेळ लावण्यासारखं झालं असतं. ०.६ ची वजाबाकी वहीत लिहिली.

हीटर चालू केले. टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर, एकट्या फेजच्या तारेभोवती. अख्खी केबल जबड्यात घेतली तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना काटतात आणि मीटर शून्य दाखवतो, हे शिकाऊ मुलाला त्याच्याच हाताने करून दाखवलं. १२.१ अँपिअर. डीबीत २३०.१ व्होल्ट. शेडमध्ये, वजाबाकी करून, २१४.८.

म्हणजे वाटेत १५.३ व्होल्ट गेले. भागिले १२.१, रोध १.२६ ओहम. वहीत वर ०.८६.

०.८६ × १२.१ = १०.४ व्होल्ट जायला हवे होते. तार गरम होऊन रोध वाढतो, एका अंशाला साधारण ०.४ टक्का, हे धरलं तरी ११ च्या पुढे जात नव्हतं. वरचे चारपाच व्होल्ट कुठेतरी सांडत होते. ४.९ व्होल्ट गुणिले १२.१ अँपिअर म्हणजे जवळपास ६० वॅट. दोन छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता या ५८ मीटरच्या वाटेत कुठेतरी तयार होत होती. आणि ती कुठे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

इथे माझी एक शंका फुकट गेली. मला वाटलं, तार अडीचची नसावी. एमसीबी बंद करून कुलूप लावलं. टेस्टर आधी चालू लाइनवर, मग या लाइनवर आणि पुन्हा चालू लाइनवर तपासून लाइन मेलेली असल्याची खात्री केली. मग केबलच्या टोकाचे तंतू मोकळे करून मायक्रोमीटरने मोजले. सात तंतू, प्रत्येकाचा व्यास ०.६७ मिलिमीटर. ०.६७ चा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले ७, म्हणजे २.४७ चौरस मिलिमीटर. दुसऱ्या टोकालाही तेच. तार अगदी बरोबर होती. अर्धा तास गेला.

फेज की न्यूट्रल

लाइन मेलेली होतीच, म्हणून शेडमध्ये फेज आणि न्यूट्रल जोडून डीबीतून लूपचा रोधही पाहिला. मल्टिमीटर १.५ म्हणाला. त्याच्या लीड एकमेकींना टेकवल्या तर ०.३. वजा केल्यावर १.२. लोडवरून काढलेल्या आकड्याशी जुळत होतं. पण दशांशाच्या एकाच घरावर भरवसा ठेवून मी पुढे गेलो नसतो. त्यातून गंजलेला जॉइंट कमी करंटला एक रोध दाखवतो आणि बारा अँपिअरला दुसरा.

यानंतर जे केलं ते मला स्वतःला फार आवडतं, कारण त्याला महागडं यंत्र लागत नाही. बारीक वायरचं ६० मीटरचं एक रीळ घेतलं. एक टोक डीबीतल्या न्यूट्रल बारला, दुसरं टोक शेडमध्ये मीटरच्या एका लीडला. मीटरची दुसरी लीड शेडमधल्या न्यूट्रलला. हीटर पुन्हा चालू. आता मीटर थेट न्यूट्रल तारेतला ड्रॉप दाखवतो. रिळाची वायर केसासारखी बारीक असली तरी फरक पडत नाही, कारण तिच्यातून करंट जातच नाही म्हटलं तरी चालेल.

फेजला साधारण ५.२ आणि न्यूट्रलला ५.२ अशी वाटणी व्हायला हवी होती. न्यूट्रलचा आकडा आला १०.१ व्होल्ट.

१५.३ वजा १०.१, फेजच्या वाट्याला ५.२. फेज हिशेबाला पक्का. सगळं गळत होतं ते न्यूट्रलमध्ये. आणि आख्खा न्यूट्रल सारखाच खराब असणं शक्य नव्हतं, म्हणजे एका जागी जॉइंट असणार. मालक म्हणाले, "जॉइंट नाहीच. केबल एकसंध टाकलीय, मी समोर उभा होतो."

केबलवरचे आकडे

उत्तर शिकाऊ मुलाने दिलं. टेप धरून चालताना त्याने केबलवर छापलेले मीटरचे आकडे वाचले होते. बऱ्याच केबलच्या बाहेरच्या आवरणावर दर मीटरला असा वाढता आकडा छापलेला असतो. मी ते रोज बघतो आणि रोज विसरतो.

"सर, डीबीपाशी ०२१४ आहे आणि पुढे वाढत जातंय. मग शेडपाशी ०२७२ पाहिजे ना? तिथे तर ००३७ आहे."

पुन्हा वाट धरली, या वेळी टेपशिवाय. डीबीपासून २१ मीटरवर केबल भिंतीच्या लाकडी पॅनेलमागे शिरत होती, तिथे ०२३५. पाच मीटर पुढे ती बाहेर पडत होती, तिथे ०००५. ही एक केबल नव्हती, दोन होत्या, आणि त्या पॅनेलमागे कुठेतरी भेटत होत्या.

एमसीबी बंद, कुलूप, टेस्टरची तीच तीन पायऱ्यांची खात्री, मग पॅनेल उघडलं. आत प्लॅस्टिकची छोटी पेटी, झाकण एका कोपऱ्यात मऊ होऊन आत दबलेलं. झाकण काढल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास. फेजचा जॉइंट पितळी कनेक्टरमध्ये नीट कसलेला. न्यूट्रल मात्र नुसता पिळून टेप गुंडाळलेला. टेप तपकिरी, कडक, बोटाने दाबली तर तडकणारी. खाली सातातले तीन तंतू काळे पडून सुटलेले आणि उरलेल्यांवर हिरवट थर. पेटीच्या मागच्या लाकडावर नाण्याएवढा काळा डाग. भुसा पॅनेलच्या फटीतून आत येऊन पेटीवर बोटभर साचला होता.

कनेक्टर संपले असतील किंवा दिवस संपत आला असेल. ज्याने केलं तो कोण हे कोणी शोधलं नाही, मीही नाही.

काय केलं आणि काय निष्पन्न झालं

जळलेला भाग दोन्हीकडून चकचकीत तांबं लागेपर्यंत कापला. तिन्ही कोअर क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून जोडून) नव्या पेटीत घेतले आणि पेटी पॅनेलच्या बाहेर, दिसेल अशा जागी आणली. पुन्हा हीटर लावले: १०.६ व्होल्ट. कागदावर १०.४.

मोटर सुरू होताना जास्त फरक पडला. सुरुवातीचा करंट चालू करंटच्या पाचेक पट धरला तर ४५ अँपिअरच्या आसपास. डीबीत २३० धरून, आधी शेडमध्ये उरत होते १७३ व्होल्ट, आता १९१. मोटरचं टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणून पूर्ण टॉर्कच्या सुमारे ५७ टक्क्यांवरून ६९ टक्क्यांवर गेलो. हे ढोबळ गणित आहे, कारण सुरुवातीच्या करंटचा पॉवर फॅक्टर कमी असतो. पण मोटर पहिल्या झटक्यात उचलली आणि त्या आठवड्यात रिले एकदाही पडला नाही.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण मी जाता जाता अर्थ लूपचा रोध मोजला, म्हणजे फेज बॉडीला लागला तर करंट फेजने येऊन अर्थच्या तारेने परत जातो त्या वाटेचा. शेडच्या सॉकेटवर १.२१ ओहम. सी प्रकारचा २० अँपिअरचा एमसीबी झटक्यात पडायची हमी करंट दहापट, म्हणजे २०० अँपिअर झाल्यावर. २३० ÷ २०० = १.१५ ओहम. आपण त्याच्या वर होतो. यंत्राच्या बॉडीला फेज लागला असता तर एमसीबी लगेच पडेलच असं सांगता येत नव्हतं. जॉइंट दुरुस्त करून हे सुटणार नव्हतं. डीबीपाशीच ०.३४ होते आणि उरलेलं सगळं या लांब, बारीक केबलचं.

त्या दिवशी लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवला, आणि पंधरवड्याने सहाची केबल टाकली. २ × ५८ × ३.०८ ÷ १००० = ०.३६ ओहम. अर्थ कोअरही सहाचीच, म्हणून अर्थ लूप ०.७० च्या जवळ आला. १२.१ अँपिअरला ड्रॉप कागदावर ४.३ व्होल्ट, मोजला तेव्हा ४.५.

मालकांनी विचारलंच: "शेवटी सहाचीच केबल टाकली ना? मग पहिल्या दिवशीच का नाही टाकली?"

प्रश्न रास्त होता. पहिल्या दिवशीच्या योजनेत नवी केबल फक्त मोटरसाठी होती, जुनी दिवे आणि सॉकेटसाठी राहणार होती. मोटर सुतासारखी सरळ चालली असती, तक्रार मिटली असती आणि तो न्यूट्रल भुशाखाली, लाकडाला चिकटून तसाच चालू राहिला असता. कोणीतरी कधीतरी त्या सॉकेटवर हीटर लावेपर्यंत. आता जुनी केबल पूर्ण काढून टाकली आहे.

पुन्हा करायचं झालं तर

एका गोष्टीची मला आजही टोचणी आहे. जॉइंट कुठे आहे, कसल्या अवस्थेत आहे हे माहीत नसताना मी बारा अँपिअर पहिल्या खेपेला पंधरा मिनिटं चालू ठेवले, आकडा स्थिर व्हावा म्हणून. ६० वॅट, भुसा आणि लाकूड. आज मी आधी मेलेल्या लाइनवर लूपचा रोध घेईन, २०० मिलिअँपिअर देणाऱ्या लो-ओहम मीटरने. तो कागदाशी जुळला नाही तर लोडची चाचणी दोनतीन मिनिटांत आटपेन आणि त्या वेळात कोणाला तरी केबलच्या वाटेवर हात आणि नाक घेऊन उभं करेन.

मायक्रोमीटरचा अर्धा तास मात्र मी पुन्हाही देईन. तेव्हा तो वाया गेल्यासारखा वाटला, पण तार बरोबर आहे हे पक्कं झाल्यामुळेच पुढे जॉइंटवर ठाम राहता आलं. केबलवरचे आकडे पहिल्या तासातच वाचायला हवे होते, ही चूक सरळ माझी. अर्थ लूपची चाचणीही निघताना सुचली, ती यादीत वर हवी होती. ती रोज ज्या यंत्रावर माणसाचे हात असतात त्याच्याशी संबंधित होती.

वायरमनने एक गोष्ट स्वतःहून केली. डीबीच्या दाराच्या आत एक चिठ्ठी चिकटवली: शेड, ५८ मीटर, ६ चौरस मिलिमीटर, ०.३६ ओहम, १२ अँपिअरला ४.३ व्होल्ट. त्याखाली वेगळ्या पेनने, जरा मोठ्या अक्षरात: मध्ये जॉइंट नाही.